जिऱ्याच्या डब्यातलं घड्याळ

बिया भाजताना मी डोळे मिटते. आमच्या ह्यांना ते सोंग वाटतं. वाटू दे. बी करपायला लागली की डोळ्यांना उशिरा कळतं, कानांना आधी. धणे पोकळ वाजतात, बडीशेप कुजबुजते आणि जिरं तडतडायच्या आधी क्षणभर गप्प होतं. तेवढ्यात आच बंद करायची. मग सगळं जाडसर कुटून उकळत्या पाण्यात टाकायचं, वर झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं. पाणी आपोआप मधाच्या रंगाचं होतं.

हा उद्योग सुरू झाला डॉक्टरीणबाईंमुळे. हे घड्याळजी. पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान, मागे माझं स्वयंपाकघर, मध्ये पडदा. भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी, त्यामुळे आमच्याकडे दुपार नक्की कधी संपते ते कुणालाच सांगता येत नाही. अशा माणसाचा उजवा हात थरथरू लागला.

"दिवसभर चहा ढोसता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर सोडून बघा. थरथर थांबली तर चहाची. नाही थांबली तर दुसरं काही असेल, मग तपासण्या करू."

दुसरं काही म्हणजे काय, ते आम्ही विचारलं नाही. माझ्या सासऱ्यांचा हात असाच थरथरायला लागला होता. शेवटी त्यांना चमचा धरता येत नव्हता.

मी त्याच दिवशी सवतीला काढावं तसा चहा घराबाहेर काढला आणि बियांचं पाणी सुरू केलं. "हा काढा आहे," हे म्हणायचे, तोंड वाकडं करायचे आणि डाव्या हाताने कप उचलून प्यायचे. थरथर काही कमी होईना. वर ह्यांना म्हातारपणी नवाच शौक लागला. रोज समोरच्या न्हाव्याकडे दाढी! गाल वांग्यासारखे तुळतुळीत झाले. मी म्हटलं, करू दे, तेवढाच विरंगुळा.

त्या दुपारी ऊन सरकत सरकत ओट्यावर चढलं होतं. धणे झाले, बडीशेप झाली. पडद्यापलीकडून टिकटिक येत होती, सगळी एकमेकींत मिसळलेली, आणि मी डोळे मिटून त्या वासात तरंगत होते. घर कुठेतरी खाली राहिलंय आणि आपण वाफेबरोबर छताला लागलोय असं वाटत होतं. तशीच हात लांबवून मी फळीवरचा जिऱ्याचा डबा घेतला आणि तव्यात उपडा केला.

टिण.

जिरं असं वाजत नाही. डोळे उघडले तर तव्यात बडीशेपेवर इवलाली पितळी चाकं आणि निळे स्क्रू. मी झटकन तवा उतरवला. झाकण घट्ट बसतं म्हणून हे माझे रिकामे डबे सुटे भाग ठेवायला नेतात. सकाळी दुकान झाडताना माझा जिऱ्याचा डबा दिसला, म्हणून मीच तो आत न बघता उचलून फळीवर आणून ठेवला होता. त्या पसाऱ्यात एक तबकडी होती, बाराच्या आकड्याजवळ ओरखडा असलेली. ती मी ओळखली. माझ्या मनगटावरच्या घड्याळाची. ते दुरुस्तीला दिलं होतं. सुटा भाग बाहेरून यायचाय असं हे सांगायचे, म्हणून किती दिवस माझं मनगट मोकळं होतं!

"अहो, इकडे या!"

ह्यांनी तवा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील.

"निळे स्क्रू भाजूनच निळे करतात," ते म्हणाले. "काही बिघडत नाही त्यांचं."

तवा निवल्यावर ते चिमटा घेऊन वेचायला बसले. चाकं जमली. शेवटचा स्क्रू बडीशेपेच्या दाण्याएवढाही नव्हता. चिमटा त्याच्या जवळ जायचा आणि बाजूला सरकायचा. पुन्हा जायचा, पुन्हा सरकायचा. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"भाग कुठूनही यायचा नव्हता. उघडलं मी, पण बंद करता येईना."

"चहा सोडूनही?"

"सोडला कुठे? न्हावी देतो की रोज. दाढीबरोबर दोन कप."

मला असा संताप आला! इकडे मी बियांशी डोकं लावतेय आणि तिकडे हे!

"का पण?"

"चहा चालू होता तोवर चहावर ढकलता येत होतं," ते हळूच म्हणाले. "सोडला आणि तरी थांबलं नाही, तर मग...?"

राग जागच्या जागी विरला. खाली भीती होती, ती तशीच राहिली. माझीही तीच होती. मी दोन बोटांनी तो स्क्रू उचलला आणि डब्यात टाकला.

मग नव्याने धणे घेतले, बडीशेप घेतली, खरंखुरं जिरं घेतलं. भाजलं, कुटलं, उकळलं, गाळलं. बशीत कप ठेवून ह्यांच्यापुढे केला. या वेळी ह्यांनी मुद्दाम उजवा हात पुढे केला आणि बशी धरली. कप बशीवर किणकिणू लागला.

"तुला ऐकून कळतं ना सगळं? मग रोज ऐक. आजपासून न्हावी बंद. कमी झालं की सांग."

"आणि नाही झालं तर?"

"तरी सांग."

मी डोळे मिटले आणि ऐकू लागले.