चांगल्या डोळ्याचे दोन फोटो

टॉर्चताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती.

ताई म्हणजे वस्तीतली नर्स. वीस वर्षं टॉर्च घेऊन दारोदार डोळे तपासले, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलेलं. बुबुळात पांढरं दिसलं की त्या चिठ्ठी लिहायच्या, आणि चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस मोठ्या दवाखान्यातून ऑपरेशन करूनच परतायचा. मग चिठ्ठ्यांच्या जागी सरकारी मोबाइल फोन आला. त्याला भिंग लावायचं, दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढायचे, शहरातले डॉक्टर ते बघणार. खोटं कशाला बोला, साखरेच्या कितीतरी रोग्यांची नजर त्या फोनने वाचवली.

पण त्याला एक खोड होती. फोटो धूसर आला की तो घ्यायचाच नाही, आणि दोन फोटो झाल्याशिवाय पुढच्या माणसाचं नाव उघडायचं नाही. आता मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याचा फोटो स्वच्छ येणार कुठून? म्हणजे ज्याला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्यालाच हे यंत्र दारातून हाकलणार. आरोग्य केंद्राच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी हुकूम सोडला की चांगल्या डोळ्याचेच दोन काढा, काम अडवू नका. सगळ्या नर्सनी मान डोलावली. टॉर्चताईंनीसुद्धा.

शिवणवाल्या मावशी त्यातच सापडल्या. डावा डोळा पांढरा, उजवा ठणठणीत. उजव्याचेच दोन फोटो गेले आणि पाच मिनिटांत उत्तर आलं: दोन्ही डोळे निरोगी, दोन वर्षांनी तपासणी. दोन्ही फोटो एकाच डोळ्याचे आहेत, हे शहरात कुणालाही खुपलं नाही. दीड वर्षात डावा मोतीबिंदू आतल्या आत फुटला, आठवडाभर ठणकला आणि डोळा कायमचा गेला. आता उजवाही धुरकटला होता. सुई ओवता येईना, मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. ऑपरेशन झालं तर हा डोळा वाचणार होता. पण दवाखान्याच्या खिडकीवरून मावशींना दोनदा परत पाठवलं. कॉम्प्युटरमध्ये निरोगी लिहिलंय म्हणे, आणि चिठ्ठ्या तर कधीच बंद झाल्यात.

म्हणून ताई मावशींचा हात धरून थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. भिंतीवर उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र, तेही काचेत. साहेबांनी मान वर न करताच नवा फोटो पाठवायला सांगितलं.

"अकरा वेळा काढला. घेत नाही."

"मग नेहमीसारखं करा ना. चांगल्या डोळ्याचा..." साहेब मध्येच थांबले.

"चांगला आता एकही नाही, साहेब. तुमचा काढू?"

ताईंनी पर्समधून जुनं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, उभ्याउभ्याच एक चिठ्ठी लिहिली आणि टेबलावर आपटली. कागद चालत नाही, असं साहेब पुटपुटले.

"मग तसंच लिहून द्या त्यावर. कागद चालत नाही म्हणून या बाईंना आंधळं होऊ दिलं. आणि खाली सही करा."

साहेबांनी ते लिहिलं नाही. चिठ्ठीवर मुकाट्याने सही केली, शिक्का मारला आणि दवाखान्याला फोन लावला. गुरुवारची तारीख मिळाली. इतकं सोपं होतं ते, या विचाराने ताईंचं डोकं आणखीच फिरलं.

खोलीबाहेरच्या बाकावर मावशी चिठ्ठीवरून बोटं फिरवत बसल्या. कापडाचा पोत बघावा तशा. मग हळूच म्हणाल्या, "एक विचारू, ताई? तेव्हा तू टॉर्चने बघितलं असतंस, तर दिसलं असतं का गं?"

यंत्रावर ढकलता आलं असतं. साहेबांवर तर सहज.

"दिसलं होतं, मावशी. टॉर्चसुद्धा लागला नव्हता."

मावशींनी चिठ्ठीची घडी घातली. ताईंनी पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. भिंत चाचपत एकट्याच जिना उतरू लागल्या.