न पाहिलेलं झाड

रुद्राणीचा डबा हा बिराजदारांच्या घरातला रोज सकाळचा तंटा होता.

"मला डबा नको. समद्या पोरी शाळेतली खिचडी खातात. पार्वतीमावशी लई भारी करते," चौथीतली रुद्राणी दप्तर पाठीला लावता लावता म्हणायची.

"घरची चपाती कडू लागून राहिली का गं तुला?" आजी देवासमोरूनच विचारायची.

"शाळेतलं तांदूळ किडकं असतंय, बाळा," अमरनाथ मोबाइलवरची नजर न काढता मुलीला सांगायचा. तिची आई मंजुश्री सगळ्यांचं ऐकायची आणि मुकाट्यानं डब्याचं झाकण लावायची.

तांदूळ किडका नव्हता. मंजुश्रीनं शाळेत जाऊन तो ओंजळीत घेऊन पाहिला होता. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या पार्वतीबाई सूर्यवंशी भीमनगरच्या होत्या, म्हणून डबा होता. पण हे कारण त्या घरात कधी कोणी उच्चारलं नव्हतं. उच्चारलं नाही म्हणजे ते नाहीच, अशी सगळ्यांनी आपापली सोय करून घेतली होती. आपल्यापैकी किती घरांत अशी सोय असेल, कोण जाणे!

मंजुश्रीनं लातूरला राहून वनस्पतिशास्त्रात बीएस्सी केलं होतं. लग्नानंतर घरणीपूरला आली आणि महिलांसाठी राखीव झालेल्या प्रभागातून नगरपंचायतीवर निवडून आली. प्रचाराच्या फलकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा होता. सभेतही तो तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचा आणि तिच्या वतीनं बोलायचा. हे नियमात बसत नव्हतं, पण हरकत घेणार कोण? निम्म्या नगरसेविकांच्या मागे अशाच खुर्च्या होत्या.

त्या पावसाळ्यात गावात गांज्याचं नाव सारखं निघू लागलं. नगराध्यक्ष हणमंतरावांचा पुतण्या बसस्टँडच्या मागे झुरके मारून निघाला आणि पुलाच्या कठड्यावर मोटारसायकल घालून जागीच गेला. एकोणीस वर्षांचं पोर. गाव हळहळलं, मग चिडलं. कोणी म्हणे तुरीच्या ओळींत लावतात, कोणी म्हणे परसात. हणमंतरावांनी सभा बोलावली.

मुख्याधिकारी सावधपणे म्हणाले, "गांज्याची लागवड हा मोठा गुन्हा आहे. त्याला केंद्राचा कायदा आहे आणि तपास पोलिसांचा. आपल्या हातात काय, तर नळ आणि दाखले."

"मग नळच तोडा की!" वीरण्णा टेबलावर थाप मारून म्हणाले. आडत दुकानदार वीरण्णा हे सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. "पाणी बंद झालं की गांजा बी वाळतो अन् गांजावाला बी!"

सभागृह हसलं. हणमंतराव तेवढे हसले नाहीत.

नियम ठरत गेला. ज्याच्या परसात झाड दिसेल त्याचा फोटो कुणीही नगरपंचायतीच्या नंबरवर पाठवावा. पाठवणाऱ्याचं नाव गुप्त राहील. त्या घराचा नळ तोडायचा आणि कुटुंबप्रमुखाचं नाव चौकातल्या फलकावर लिहायचं.

"पण झाड ओळखायचं कोणी?" मंजुश्रीनं विचारलं.

सगळ्या माना वळल्या. या सभागृहात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला होता.

"तुम्हीच की, ताई," हणमंतराव म्हणाले. "झाडपाल्याचं शिक्षण घेतलेलं ह्या गावात दुसरं कोण हाय?"

मंजुश्रीचा चेहरा उजळला. नगरसेविका झाल्यापासून तिला तिच्या शिक्षणाबद्दल कोणीच विचारलं नव्हतं. त्या आनंदात दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेला. नळ तुटला तर त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी प्यायचं काय? ठराव एकमतानं मंजूर झाला.

गणपती उठल्यानंतर पहिला फोटो आला. कुठल्याशा भिंतीवरून हात लांबवून काढलेला, हललेला. हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं, कडा करवतीसारख्या. खाली लिहिलं होतं: भीमनगर, पार्वतीबाई सूर्यवंशी यांचं परस.

मंजुश्रीनं फोटो मोठा करून पाहिला. गांज्याच्या पानाचे भाग देठापर्यंत सुटे असतात. इथं देठाजवळचा भाग अंधारात होता. सुटा की जोडलेला, कळत नव्हतं. खोडाचाही पत्ता नव्हता.

"जाऊन बघून येते," ती म्हणाली.

"तिथं? कशाला?" अमरनाथ वैतागला. "नगरसेविका भीमनगरात झाडं हुंगत फिरून राहिली म्हणतील लोक. वीरण्णाकाकाचा दोनदा फोन येऊन गेला. हाय का न्हाई, एवढं सांग अन् मोकळी हो."

भीमनगर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. ती गेली नाही. तिनं उत्तर लिहिलं, 'गांजाच्या झाडासारखे दिसते.' 'सारखे' हा शब्द आपण जपून वापरला, याचं तिला समाधानही वाटलं. दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीच्या कागदावर त्याचं झालं, 'तज्ज्ञांकडून ओळख पटली.'

नळ तुटला. चौकातल्या पांढऱ्या फलकावर एकच नाव चढलं. त्याच आठवड्यात शाळेच्या व्यवस्थापन समितीनं 'गांजावालीच्या हातचं लेकरांना कसं घालायचं?' म्हणत पार्वतीबाईंना काढलं आणि बाजारगल्लीतल्या सिंधु नावाच्या बाईला चुलीपुढे बसवलं.

सोमवारी मंजुश्रीनं सवयीनं डबा भरला, तर रुद्राणी आनंदानं उड्या मारत होती.

"मम्मी, आजपासून डबा नको! शाळेतली खिचडी खाल्ली तर चालतंय म्हणाले पप्पा."

"आन् तांदूळ? किडका होता न्हवं?" मंजुश्रीनं विचारलं.

अमरनाथ बुटाची नाडी बांधत राहिला. आजीनं घंटी वाजवली. तांदूळ तोच होता, पोतं तेच होतं. फक्त हात बदलला होता. मंजुश्रीनं भरलेला डबा बाजूला ठेवला. तो फोटो गांज्यासाठी नव्हताच!

त्याच संध्याकाळी बुद्धप्रिया आली. पार्वतीबाईंची लेक, उदगीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि लातूरच्या कॉलेजात तीन वर्षं मंजुश्रीच्या शेजारच्या बाकावर बसलेली. हातात एक फांदी होती. बस म्हटलं तरी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"हात लाव," ती म्हणाली.

मंजुश्रीनं खोड धरलं. बारीक काटे बोटांना टोचले. पानाचे फाटे देठाशी एकमेकांना जोडलेले होते. तिनं पानाचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. आंबट.

"अंबाडी," ती पुटपुटली.

"प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत हाच प्रश्न होता, मंजू. अंबाडी अन् गांजा, फरक सांगा. तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते."

"फोटोत देठ दिसत नव्हता गं."

"फोटोत घराचा पत्ता मात्र दिसत होता. झाड तू पाहिलंच न्हाईस. झाडामागचं घर पाहिलंस, अन् निकाल दिलास." बुद्धप्रियाचा आवाज चढला नाही. त्यामुळे तो जास्त लागला. "आन् मला एक सांग, गांजाच होता तर पोलिसांना का न्हाई बोलावलं? कारण पोलिसांनी येऊन झाड बघितलं असतं. माझी आई पोरांना खाऊ घालते हे ज्यांच्या डोळ्यात सलत होतं, त्यांना तक्रार करायला कारण घावत न्हवतं. ते तुमच्या सभेनं तयार करून दिलं, अन् त्यावर शिक्का तू मारलास."

"मी ठराव बदलायला लावते. चूक झाली म्हणते. अंबाडी होती हे दाखवते."

"तेवढ्यावर थांबू नकोस. समज, खरंच गांजा असता. मग? लावणाऱ्याला कोर्ट शिक्षा देईल. पण त्या घरातल्या लेकराचं पाणी तोडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? पाण्यावर बंदी घालून माणसाला वळण लावायची रीत आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक हाय, मंजू. तिला तुम्ही ठराव म्हणता, एवढाच फरक."

फांदी पायरीवर ठेवून ती निघून गेली. "चहा तरी..." मंजुश्री म्हणाली तेव्हा फाटक लागलेलं होतं.

पुढच्या सभेला मंजुश्री बाजारातून अंबाडीची जुडी घेऊन गेली. पाला नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ही कसली भाजी?"

"अंबाडी की! हे काय इचारणं झालं?" हणमंतराव गोंधळले.

"कण्या घालून घोटायची अन् वरून लसणाची फोडणी," कोणीतरी मागून म्हणालं.

"सोबत ज्वारीची भाकर. भाताबरोबर खाणारा येडा," दुसऱ्यानं भर घातली. सभागृहात हसू पसरलं. त्या खोलीत अंबाडी न ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

मंजुश्रीनं शेजारी तो फोटो ठेवला. "मग हे काय हाय?"

हणमंतरावांनी चष्मा लावला. एकदा पाल्याकडे, एकदा फोटोकडे पाहिलं. हसू थांबत थांबत मागच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"फोटोत गांज्यावानीच दिसतंय," वीरण्णा खाकरून म्हणाले.

"तुमच्या परसातली असती तर तशीच दिसली असती का, काका?"

वीरण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. मागून अमरनाथनं तिचा पदर ओढला. "बस खाली. शोभा करून राहिलीस."

ती वळली. "निवडून मी आलेय, तुम्ही न्हाई! तुम्ही बाहेर बसा!"

कोणी हसलं नाही. इतर नगरसेविकांच्या मागच्या खुर्च्याही थोड्या करकरल्या. अमरनाथ उठून बाहेर गेला.

"ओळख पटली असं मी लिहिलं नव्हतं," मंजुश्री म्हणाली. "पण म्हणून माझी सुटका न्हाई. दोनशे पावलं चालून गेले असते तर हे घडलं नसतं. मी गेले न्हाई, कारण ते भीमनगर होतं. ठराव मागे घ्या. एका घरासाठी न्हाई, साऱ्यांसाठी. पाणी तोडणं ही शिक्षा असूच शकत न्हाई."

हणमंतरावांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आन् आमचं पोरगं गेलं त्याचं काय, ताई?"

त्या प्रश्नात राजकारण नव्हतं. मंजुश्री त्यांच्या टेबलाजवळ गेली.

"त्याला गांजा कुणी विकला, हे बसस्टँडवर सगळ्यांना म्हाईत हाय. इथं बसलेल्यांनाही. त्याचं नाव पोलिसांत द्यायला कोण येतंय माझ्याबरोबर?"

कोणी समोरचे कागद चाळू लागलं, कोणी मोबाइल काढला. आपण एका म्हातारीच्या परसात गांजा शोधत होतो. जिथं तो रोज विकला जातो तिकडे जायला मात्र कोणाचेच पाय उचलत नव्हते! शेवटी हणमंतराव हळूच म्हणाले, "मी येतो." दुसरं कोणी उठलं नाही.

ठराव मागे घेतला गेला. विकणाऱ्याचं नाव दोघं पोलिसांत देऊन आली. फलक पुसला गेला, पण काळ्या अक्षरांची सावली पांढऱ्या रंगावर राहिली. पार्वतीबाईंच्या कामाचं विचारलं तेव्हा मुख्याधिकारी म्हणाले, "तो विषय शाळा समितीचा." समितीनं सांगितलं, नवी बाई नेमली आहे, आता कसं काढणार?

मंजुश्री भीमनगरात गेली. उशिरा का होईना, गेली. नळ जोडलेला होता. परसात मात्र काहीच नव्हतं. पार्वतीबाईंनी सगळी अंबाडी उपटून जाळली होती. राखेचा काळा पट्टा भिंतीलगत पसरला होता.

"बियाला बी ठेवली न्हाई का, मावशी?"

"कशाला ठेवू? पुन्ना कुणी फोटो काढला तर?" पार्वतीबाई हंडा भरत म्हणाल्या. दोन महिन्यांत त्या वाकल्या होत्या. मंजुश्रीनं हात जोडले. त्यांनी ते पाहिलं. हंडा भरल्यावर म्हणाल्या, "तुमच्या लेकीला सांगा, खिचडीत मीठ कमी वाटलं तर मागून घे म्हणावं. नव्या बाईला एवढ्या मोठ्या भांड्याचा अंदाज याया वखत लागतो."

मंजुश्री घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. ती उभ्यानंच म्हणाली, "तांदूळ किडका नव्हता. पार्वतीबाई भीमनगरच्या होत्या, म्हणून आपण डबा देत होतो." सासूचा घास हातात राहिला. अमरनाथनं ताट सरकवलं. रुद्राणी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, आणि आता ते परत घेता येणार नव्हतं.

दर महिन्याला मंजुश्री शाळा समितीपुढे तोच अर्ज घेऊन उभी राहते. अजून उत्तर आलेलं नाही. ती पुढच्या महिन्यातही जाईल.

नागरिकहो, गांजा वाईटच. तो पोरं खातो, घरं खातो. त्याच्याशी लढायलाच हवं. पण लढताना हातातलं हत्यार कोणावर पडतं, हे पाहायला हवं. न पाहता दिलेली साक्ष खोट्या साक्षीइतकीच घातकी असते, आणि शिकलेल्या माणसानं दिली तर अधिकच, कारण तिच्यावर गाव विश्वास ठेवतं. आपल्या शिक्षणानं आपल्याला पानं ओळखायला शिकवलं. पण त्या पानापर्यंत चालत जाणं आपलं आपल्यालाच शिकायचं आहे. ज्या वस्तीत जायला पाय मागे ओढतो, तिथंच आधी जायचं असतं. नाहीतर विष बसस्टँडवर राजरोस विकलं जाईल, आणि आपण कुणाच्या तरी परसातली भाजी उपटत राहू!