तळहातावरचे तीन थेंब

पाच वर्षांपूर्वी एका तापात माझं नाक कामातून गेलं. कसलाच वास येईना. पण माझं काही अडलं नाही, घरात यांचं नाक होतं. केसांचं तेल मी करायची आणि त्यात पडणारी प्रत्येक गोष्ट हे हुंगायचे. तळहातावर तीन थेंब घ्यायचे, चोळायचे, डोळे मिटायचे आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचे, ‘चालेल’ किंवा ‘परत कर’. मी म्हणायची, पुरे झालं नाकाने कांदे सोलणं. हे जाऊन आता सहा महिने झाले.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. बाजारच्या तेलाने नातीच्या टाळूवर पुरळ उठलं होतं. ‘आई, तुझं तेल पाठव. दुसरं काही मी तिच्या डोक्याला लावणार नाही,’ म्हणाली. कितीतरी दिवसांनी कुणाला माझ्याकडून काही हवं होतं. मला भरून आलं.

मग काय, पदर खोचला. मेथी दाणा दाणा निवडली, जास्वंदीच्या पाकळ्या सावलीत वाळवल्या. खोबरेल मुद्दाम जुन्या डब्यातलं घेतलं. आम्ही दोघांनी मिळून आणलेला तो शेवटचा डबा. रंग स्वच्छ होता. तयार तेल कोपराच्या आत लावून दिवसभर थांबले, खाज नाही की काही नाही. दोन महिने मीही त्याच डब्यातलं लावत होते, मग काळजी कसली?

आज दुपारी कुरिअरवाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. नातीसाठी आहे, जपून न्या, असं मी चारदा बजावलं. बूच घट्ट आहे का बघायला त्याने बाटली उघडली आणि झटकन मान मागे घेतली.

‘काय झालं? बोला की. मला वास येत नाही.’

‘तेल खवट झालंय, काकू. लहान मुलीला नका लावू.’ मग चाचरत म्हणाला, ‘दार उघडलंत तेव्हाच वास आला होता. बाटली तर तेव्हा बंद होती.’

माझा हात डोक्याकडे गेला.

दोन महिने मी हे डोकं घेऊन बँकेत गेले, वाचनालयात बसले, जिन्यात शेजारणीशी बोलले. कुणी काही म्हणालं नाही. म्हणणार कसं, तेवढं जवळचं कोण उरलंय? हे असते तर पहिल्याच रात्री उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले असते, वर मला चार शब्द सुनावले असते. ते चार शब्द मला हवे होते.

कुरिअरवाला भला माणूस. ‘नवं तेल करा, उद्या येऊन वास घेतो, मगच नेतो,’ म्हणाला. संध्याकाळी ताजं खोबरेल आणलं. डोकं शिकेकाईने तीनदा धुतलं.

बाटलीचं उद्या कळेल. डोक्याचा वास गेला का, हे त्या परक्या माणसाला कसं विचारू?