चादरीचं दुसरं टोक

सोमवारपासून व्हॉट्सॲपचा ग्रुप गप्प होता. हॉस्पिटलच्या धुलाईघरात घडीच्या टेबलावर काम करणाऱ्या सगळ्या जणी त्या ग्रुपवर. एरवी सकाळी डोळे उघडायच्या आत कुणाच्या सासूचा उद्धार, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं, असा रतीब चालू असायचा. आता अक्का सुपरवायझर झाली काय आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं काय. ती सारखी खिशातून फोन काढून बघायची आणि परत ठेवायची. जिवाला म्हणून चैन नव्हती.

कारण तिला ठाऊक होतं आणि तेच जास्त झोंबत होतं. आधीचा सुपरवायझर आला तेव्हा त्याला वगळून नवा ग्रुप काढायची टूम हिचीच. आता वगळलं जायची पाळी तिच्यावर आली होती.

त्यात मॅनेजरबाईंचं नवं खूळ. दाराशी एक यंत्र बसवलेलं, त्यावर हसरा, मख्ख आणि रडका असे तीन चेहरे. घरी जाताना आपापल्या मनाप्रमाणे बटण दाबायचं. रडकं दाबलं की मीटिंगला बसवतात, हे कळल्यापासून सगळ्या हसरं दाबून पळत सुटायच्या. माणसं सुखात आहेत ना, असं मॅनेजरबाईंनी विचारलं तेव्हा अक्काने मान डोलावली. मग दिवसभर ती स्वतःवरच चरफडत राहिली.

बुधवारी टेबलावरची सगळ्यात लहानखुरी, म्हणून सगळ्यांची चिमणी, टेबलाशी एकटीच उभी दिसली. तिची नवी जोडीदारीण, उंच म्हणून लंबू, लवकर घरी गेली होती. याआधी चिमणीची जोडीदारीण अक्काच. मोठ्या चादरीला दोघी लागतात. टोकं धरून ताणायची, मग जवळ येऊन कोपरे जुळवायचे. जवळ आलं की एक वाक्य बोलायचं, पुढचं पुढच्या घडीला. दोघींनी एकमेकींचे संसार असे वाक्यावाक्याने ऐकले होते. अक्काने न विचारता दुसरं टोक उचललं.

बऱ्याच चादरी झाल्या तरी चिमणी बोलेना. शेवटी अक्कालाच राहवेना.

"वेगळा ग्रुप काढलात ना?"

"मीच काढला."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. सुपरवायझर झालीस."

अक्काला वाटलं, हा रजेचाच राग. काल चिमणीने गुरुवारची रजा मागितली आणि हिने नाही म्हटलं. गुरुवारी कपड्यांचा डोंगर येतो, घरच्या कामासाठी रजा कशी द्यायची, असं ती तावातावाने सांगू लागली. चिमणीने सगळं ऐकून घेतलं, जवळ आली आणि कोपरे जुळवता जुळवता म्हणाली,

"छातीत गाठ लागलीय. उद्या तपासायला बोलावलंय."

अक्काच्या हातातलं टोक सुटलं. ते तिने घाईघाईने उचललं.

"मग घरचं काम कशाला म्हणालीस?"

"साहेबाला आपण तेवढंच सांगतो ना."

टेबलावरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. एकट्या अक्काला नव्हतं.

"रजा घे. मी येते तुझ्याबरोबर."

"लंबू येतेय. ती उद्या आजारी पडणार आहे. ग्रुपवर ठरलंय."

"आणि मी?"

चिमणीने तिच्या हातातून कोपरे काढून घेतले.

"सकाळी लंबूचा रजेचा फोन आला की बरं म्हण."