चाळीस मीटरची ओळ

मी एक जुना संगणक आहे. पंखा घरघरतो, दोन कळा गळून पडल्यात, पण मित्रांनो, अक्कल शाबूत आहे! उद्या भंगारवाला न्यायला येणार आहे. त्याआधी मी बोलणारच.

रसायनांचा कारखाना जमिनीवर उभा राहण्याआधी मी तो गणितात उभा करून पाहत असे. कुठली टाकी, कुठली खोली कुठे ठेवली तर पाइप कमीत कमी लागेल, हे शोधायचं माझं काम. इंजिनिअर बाई अटी लिहायच्या. मी लाखो मांडण्या तपासून त्यातली एक निवडायचो.

एकदा माझ्या नकाशाने निम्मा पाइप वाचवला. साहेब खूश! तेवढ्यात नकाशा न्यायला आलेला फिटर म्हणाला, "अहो बाई, आमची जेवायची खोली गॅसच्या टाकीला चिकटून? घास गिळायचा की जीव मुठीत धरायचा?"

"बिनडोक यंत्र!" साहेब माझ्यावर खेकसले.

का हो? पाण्याची लाइन तिथूनच जात होती, म्हणून मी खोली तिथे नेली. आत माणसं बसतात, हे मला कोणी लिहून दिलं होतं?

बाईंनी जीभ चावली. "चूक माझी आहे," म्हणाल्या आणि एक ओळ वाढवली: माणसं बसतात ती खोली गॅसच्या टाकीपासून चाळीस मीटर लांब. पण जागा एवढीशी आणि टाक्या चार. मी रात्रंदिवस राबलो आणि सांगितलं, "उत्तर नाही."

"ती ओळ काढा," साहेब म्हणाले.

"नाही काढणार, साहेब. एक टाकी कमी करा," बाई म्हणाल्या.

"डबडं बिघडलंय!" साहेबांनी मला तीनदा बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. नाही म्हणजे नाही! मग नवाकोरा संगणक आला. तोही म्हणाला, "उत्तर नाही." साहेब चरफडत तीन टाक्यांवर आले.

कारखाना उभा राहिला. फिटर अजून कुरकुरतो, "जेवायला केवढी ही पायपीट!" कुरकुर बाबा, खुशाल कुरकुर. कुरकुरायला तू आहेस ना!

कौतुक नव्याचं झालं, मी अडगळीत गेलो. जळफळाट होतो, कशाला लपवू? आता साहेबांना चौथी टाकी पुन्हा हवी आहे म्हणे.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. न्या भंगारात! पण ती ओळ खोडाल तर खबरदार.