मेलेसेतेचं गुलाबी अळू

आमच्या सामोआत अळूला बाप लागत नाही. कंद काढायचा, शेंडा कापायचा, तोच परत मातीत खोवायचा. आई तशी लेक, लेक तशी नात. पण करपा आला, एका पावसाळ्यात अख्खं गाव नागवलं, आणि शेतीखात्याच्या बाईंनी आम्हाला अळूची फुलं दाखवली. करपा न लागणाऱ्या अळूच्या फुलावर चवदार अळूचे पराग टेकवायचे आणि बी धरायचं. त्या कामाला मला निवडलं, कारण माझा हात हलका. जीभ त्याहून हलकी, ते कुणी पाहिलं नाही.

गुलाबी अळू फक्त तुईलोमा काकांकडं उरलं होतं, चार रोपं. त्यांच्या बायकोनं, मेलेसेतेनं, माहेरून आणलेलं. ती गेली, अळू राहिलं. कापलं की आतून गुलाबी निघायचं. त्याला कधी नव्हे ते एक फूल आलं.

"यानेता," काका म्हणाले, "चुकलीस तर टाळकं फोडीन."

फूल उमललं नेमकं रविवारी. रविवारी मळ्यात कुणी दिसलं तर गावचे मुखिये एक डुक्कर दंड लावतात. पहाटे गुपचूप जाऊन पराग घेऊन आले असते तर कुणाला पत्ता लागला असता? पण मला नवा पांढरा झगा घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं होतं. सोमवारी गेले तर पराग मेलेले. मग या शहाणीनं काय करावं? डुकरांच्या कुंपणालगतच्या खाजऱ्या, पांढऱ्या अळूचे पराग टेकवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, बाप: मेलेसेतेचं अळू. दुसरं फूल आलं की निस्तरू, असं वाटलं. दोन महिन्यांत काकांची ती चारही रोपं करप्यानं कंदासकट कुजली.

बियांची रोपं झाली, कंद धरले. कापले तर सगळे पांढरे. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

"अहो काका," मी म्हणाले, "बाईंनी सांगितलंय ना? रंग पहिल्या पिढीत लपतो, नातवंडांत वर येतो."

तसं होतं खरं. पण इथं लपायला काही नव्हतंच, आणि ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

मग काका हटून बसले. भावंडाचे पराग भावंडाला लावायचे, बी टिपायचं, रोपं वाढवायची. चार वर्षं, चौऱ्याऐंशीच्या वयात, गुडघे टेकून. कंद कापायचे, पांढरा निघाला की हसायचे. "आमची ही हट्टीच! हाक मारल्यावर लगेच कधी आली?"  आणि मी मेली त्यांच्या हातात पुढचा कंद ठेवायची.

परवा नातवंडांतलं शेवटचं रोप उपटलं. तेही पांढरं.

"पणतवंडांत येईल," काका म्हणाले. "तेवढं जगतो मी. काय गं?"

तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण बाहेर पडलं भलतंच. "नाही येणार, काका. मी त्या रविवारी गेलेच नव्हते." मग सगळंच सांगितलं, डुकरांच्या कुंपणासकट.

वाटलं, हातातला कोयता फेकून मारतील. मारला असता तर सुटले असते. त्यांनी कंदाच्या दोन्ही फोडी जुळवून खाली ठेवल्या आणि नखातली माती काढत बसले.

"तिला मी रोज सांगतोय, येतंय म्हणून," ते म्हणाले. "खोटा पाडलास मला. ऊठ. आता तूच सांग."

मेलेसेतेची कबर त्यांच्या घरापुढंच आहे. काकांनी वरचा पाचोळा हातानं सारला, माझ्यासाठी चटई अंथरली. मी मांडी घालून बसले. "काकू," एवढंच कसंबसं पुटपुटले. 

"मोठ्यानं बोल," काका मागून म्हणाले. "तिला कमी ऐकू यायचं."