चंबिराची झोळी

मी एक जुनी झोळी आहे. सोलापुरात मला सगळे पाळणाच म्हणतात, म्हणोत बापडे! पण माझं माहेर फार लांब आहे, मित्रांनो. ॲमेझॉन नदीच्या वरच्या अंगाला, दाट रानातल्या एका खेड्यात मी जन्मले. चंबिरा नावाच्या काटेरी ताडाच्या कोवळ्या पानांचे तंतू मांडीवर वळून एका म्हातारीनं मला नातीसाठी विणलं. त्यांची भाषा नदीकाठच्या दोन-चार गावांतच बोलली जायची.

पुढे नातीला दूरच्या शाळेत नेलं. तिथं घरची बोली तोंडातून निघाली की छडी बसायची. सुट्टीत पोरगी परतली ती स्पॅनिश बोलत. तिला झोपायलाही आता खाट हवी होती. म्हातारीनं मिठाच्या बदल्यात मला व्यापाऱ्याला देऊन टाकलं. फार वाईट वाटलं मला.

मालवाहू बोटीवर नोकरीला असलेल्या शिवयोगीनं मला बंदरावर विकत घेतलं आणि १९७० साली सोलापूरला आणलं. त्याची मुलगी महानंदा तेव्हा तान्ही होती. शिवयोगीची आई सुंदरम्मा अक्कलकोटकडची. मला झोके देत ती नातीशी कानडीत अखंड बोलायची. ऐकून ऐकून मलाही ती भाषा कळू लागली.

महानंदाची आई प्रेमला मोडनिंबची. तिला कानडी येत नव्हती. एकदा ती म्हणाली, "आत्याबाई, पोरीसंगं मराठीच बोला की. उद्या शाळंत पोरं हसतील."

"व्हय," सुंदरम्मा म्हणाली.

त्या दिवसापासून आजीचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'झोप आता' एवढ्यावर आलं.

महानंदा मोठी झाली, मी आजीच्या खोलीत खुंटीवर गेले. मग सुंदरम्मा आजारी पडली. तापात ती मराठी पार विसरली. शिवयोगी बोटीवर होता. "बा, इल्ली कुंड्रव्वा," ती नातीला पुन्हा पुन्हा म्हणायची. महानंदानं पाणी आणलं, गोधडी आणली, खिडकी उघडली. आजी नुसती मान हलवायची. मला सगळं कळत होतं, पण झोळीला कुठं बोलता येतं?

"आई, आजी काय मागतीया?" महानंदा रडकुंडीला आली.

"मला तरी कुटं कळतंय गं!" म्हणत प्रेमला शेजारच्या निंगव्वाला बोलवायला धावली.

निंगव्वानं ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. "काय बी मागत न्हाय ती. ये, हितं बस म्हनती."

महानंदा बसली. तिचा हात धरून आजी किती तरी वेळ बोलत राहिली. निंगव्वा एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि प्रेमला उंबऱ्यात उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा गेली.

मित्रांनो, मला नीट घडी घालून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण आपल्या आजीची बोली, ती आहे तोवर तिच्याकडून शिकून घ्या. प्रत्येकाच्या शेजारी निंगव्वा राहत नाही.